जुने ‘व्ही-८’, नवे हेडर

अमेरिकेत १९६० च्या दशकातील मोटारी जतन करणाऱ्या हौशी मंडळींमध्ये इंजिनातील पहिला बदल म्हणून बहुधा ‘हेडर’चेच नाव घेतले जाते. कारखान्यातून आलेला बिडाचा जड एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढावयाचा आणि त्याच्या जागी पोलादी नळ्यांचा संच बसवावयाचा, एवढेच हे काम वरकरणी दिसते. प्रत्यक्षात ते इंजिनाच्या श्वासोच्छ्वासाशी निगडित आहे. त्यामुळे त्याचा लाभ किती होईल हे नळ्यांच्या किमतीपेक्षा बसवणाऱ्याच्या काटेकोरपणावर अवलंबून असते.

हेडर कशासाठी?

शेव्हरोलेचे १९५५ मध्ये आलेले ‘स्मॉल ब्लॉक’ हे इंजिन या विषयाचे उत्तम उदाहरण होय. त्यातील आठ सिलिंडरांचा प्रज्वलनक्रम १-८-४-३-६-५-७-२ असा आहे. विषम क्रमांकांचे सिलिंडर डाव्या रांगेत, तर सम क्रमांकांचे उजव्या रांगेत असतात. म्हणजे डावीकडील ५ आणि ७ हे सिलिंडर क्रँकशाफ्टच्या अवघ्या पाव फेऱ्याच्या अंतराने लागोपाठ पेटतात. उजवीकडे ८ आणि ४ यांचीही तीच गत. निकासाची झडप मात्र अर्ध्या फेऱ्याहून अधिक काळ उघडी असते. साहजिकच पाचव्या सिलिंडरातील वायू बाहेर पडत असतानाच सातव्याचा जोरकस लोट त्याच आखूड मॅनिफोल्डमध्ये येऊन थडकतो आणि मार्ग अडवतो.

हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नळी मिळते. या नळ्या काही अंतरावर ‘कलेक्टर’मध्ये एकत्र येतात. नळीतून वेगाने जाणाऱ्या वायूमागे कमी दाबाची लहर निर्माण होते. ती योग्य वेळी झडपेशी पोहोचली, तर सिलिंडरातील उरलासुरला जळका वायूही ओढून घेते. ही वेळ नळीच्या लांबीवर ठरते. म्हणूनच लांब नळ्यांचे हेडर मध्यम वेगाला अधिक बळ देतात; आखूड हेडर बसवण्यास सोपे असले तरी त्यांचा लाभ मर्यादित असतो.

मोठी नळी म्हणजे अधिक शक्ती नव्हे

नळी जितकी रुंद तितके बरे, हा सर्वत्र आढळणारा गैरसमज आहे. नळी गरजेपेक्षा मोठी झाली की वायूचा वेग मंदावतो आणि शहरातील वाहतुकीत इंजिन सुस्त वाटू लागते. ३५० घनइंचांच्या साध्या, रस्त्यावर चालवावयाच्या इंजिनाला सामान्यतः १ ५/८ इंच, म्हणजे सुमारे ४१ मिलिमीटर व्यासाची नळी पुरेशी होते.

केवळ हेडरकडून चमत्काराची अपेक्षाही ठेवू नये. कॅरोल शेल्बी यांनी १९६५ मध्ये सादर केलेल्या ‘मस्टँग जीटी ३५०’ मध्ये फोर्डच्या २८९ घनइंची इंजिनाची घोषित शक्ती २७१ वरून ३०६ अश्वशक्तीवर गेली. मात्र त्यात हेडरबरोबरच नवा इनटेक मॅनिफोल्ड आणि मोठा कार्बोरेटर यांचाही वाटा होता.

खरी कसोटी जुन्या बोल्टांची

काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीची जोडणी काढावी आणि इंजिन पूर्ण थंड होऊ द्यावे. गाडी उचलून धरण्यासाठी केवळ जॅकवर विसंबू नये. मजबूत स्टँड लावावेत. अर्धशतकाच्या उष्णतेने आणि गंजाने जाम झालेला बोल्ट जोर लावताच तुटतो आणि त्याचा तुकडा सिलिंडर हेडमध्येच अडकतो. मग तो ड्रिलने कोरून काढण्याचे कष्टाचे काम मागे लागते. ते टाळण्यासाठी आदल्या दिवशीपासून गंज सोडवणारे तेल वारंवार सोडावे आणि बोल्ट थोडा सैल, थोडा घट्ट असा मागे-पुढे फिरवत काढावा.

त्यानंतर हेडचा पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करावा आणि आटे साफ करावेत. हेडरची पट्टी सपाट आहे की वेल्डिंगमध्ये वाकली आहे, हे सरळ पट्टी लावून पाहावे. सर्व बोल्ट आधी हाताने लावावेत. मगच मधल्या बोल्टांपासून दोन्ही टोकांकडे, टप्प्याटप्प्याने आवळावेत. किती जोराने आवळावे, याबाबत हेडरच्या निर्मात्याने दिलेला आकडा प्रमाण मानावा. स्मॉल ब्लॉकमध्ये मधली दोन निकासद्वारे एकमेकांना खेटून असल्याने तेथे उष्णता एकवटते आणि गॅस्केट बहुधा तेथेच प्रथम जळते. पहिल्यांदा इंजिन तापवून पूर्ण थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळणे, ही म्हणूनच अनिवार्य पायरी आहे.

नळीच्या शेजारी काय आहे?

नळ्या तापल्यावर प्रसरण पावतात आणि इंजिन आपल्या आधारांवर हलते. त्यामुळे स्पार्क प्लगच्या तारा, ब्रेक व इंधनाच्या नळ्या, स्टार्टर आणि स्टिअरिंग यांपासून पुरेसे अंतर राखणे आवश्यक असते. तार वितळली तर एक सिलिंडर बंद पडेल. इंधनाची नळी वितळली तर गाडी पेट घेईल. काही मॉडेलांत अल्टरनेटरचा आधार जुन्या मॅनिफोल्डवरच असतो, तर काहींत कार्बोरेटरच्या स्वयंचलित चोकला तेथूनच उष्णता मिळते. अशा ठिकाणी वेगळा आधार आणि विजेवरील किंवा हाताचा चोक लावावा लागतो.

इंजिन मोकळा श्वास घेऊ लागले की मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण कमी पडू शकते. म्हणून कार्बोरेटरचे जेट तपासावेत. जोडात गळती असेल तर ‘टिकटिक’ ऐकू येते. तो टॅपेटचा आवाज समजून दुर्लक्ष करणे धोक्याचे ठरते, कारण गंधहीन आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड गाडीच्या आत शिरू शकतो. पहिली चाचणीही उघड्या जागेतच घ्यावी.

कायदा आणि वारसा

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार प्रदूषण-नियंत्रणाची मूळ यंत्रणा निकामी करता येत नाही. कॅलिफोर्नियात १९७५ पर्यंतच्या मॉडेलांना नियतकालिक धूरचाचणीतून सूट आहे; पण चाचणीतून सूट म्हणजे ही यंत्रणा काढण्याची मुभा नव्हे.

अखेरची सूचना सर्वांत सोपी, तरीही वारंवार विसरली जाणारी आहे. काढलेला मूळ मॅनिफोल्ड भंगारात देऊ नये. त्यावरील ओतकामाचा क्रमांक आणि तारीख गाडीच्या अस्सलपणाची साक्ष देतात आणि जुन्या गाडीचे मोल बरेचसे त्यावर ठरते. हेडर पुन्हा विकत मिळतील. त्या गाडीसोबत कारखान्यातून बाहेर पडलेला बिडाचा तो तुकडा मात्र पुन्हा मिळणार नाही.