नंबर तोच, लहर निराळी

एकानं गच्चीवर अँटेना फिरवायचा आणि खालून दुसऱ्यानं ‘आलं, आलं... गेलं!’ असं ओरडायचं, हा खेळ चाळिशी ओलांडलेल्या बहुतेकांना आठवत असेल. पडद्यावर मुंग्या आल्या तरी बातम्या कळत, आणि त्या कमी-जास्त होण्यावरून अँटेनाची दिशाही समजे. डिजिटल प्रक्षेपणात ही खूणच मिळत नाही. संकेत पुरेसा असेतोवर चुका दुरुस्त होत राहतात, चित्र लख्ख दिसतं. मर्यादेखाली गेला की चित्राचे चौकोन तुटतात आणि पडदा काळा. मग दोष शोधायचा कसा? अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातल्या प्रेक्षकांपुढे २००९ साली हाच प्रश्न आला होता.

अमेरिकेनं जुनं अॅनालॉग प्रक्षेपण आधी १७ फेब्रुवारी २००९ला बंद करायचं ठरवलं होतं. लोकांची तयारी नाही म्हणून तारीख १२ जूनवर गेली. जुन्या संचांना जोडायच्या डबीसाठी सरकारनं ४० डॉलरची कुपनंही वाटली. फिलाडेल्फियाचं डब्ल्यूपीव्हीआय हे केंद्र सहा नंबरच्या वाहिनीवर दिसे. त्याचं डिजिटल प्रक्षेपण काही वर्षं जोडीनं चालू होतं, पण ते होतं ६४व्या वाहिनीवर. पडद्यावर मात्र ‘६’च उमटे, कारण दाखवायचा नंबर संकेतातच पाठवलेला असतो. ५२ ते ६९ या वाहिन्या दूरचित्रवाणीकडून काढून घेतल्या गेल्या, आणि १२ जूनला हे केंद्र आपल्या जुन्या सहाव्या वाहिनीवर परतलं. प्रेक्षकांच्या दृष्टीनं काहीच बदललं नव्हतं. तरी अनेक घरांत नेमकं हेच केंद्र दिसेना.

पहिलं कारण साधं होतं. डबीच्या स्मृतीत जुनी जागा होती. वाहिन्या पुन्हा शोधायला लावल्या की काम होई. पण पुष्कळांचं तेवढ्यानं भागलं नाही.

इथे आपण थोडं गणित करू. प्रकाशाचा वेग भागिले वारंवारता म्हणजे तरंगलांबी. ६४वी वाहिनी ७७० ते ७७६ मेगाहर्ट्झची. तिची तरंगलांबी सुमारे ३९ सेंटिमीटर. साध्या अँटेनाची लांबी तिच्या निम्मी लागते, म्हणजे १९ सेंटिमीटर, जवळजवळ एक वीत. सहावी वाहिनी ८२ ते ८८ मेगाहर्ट्झची. तरंगलांबी साडेतीन मीटर, म्हणून दांडा पावणेदोन मीटर! ‘डिजिटल अँटेना’ म्हणून लोकांनी हौसेनं विकत घेतलेले छोटे अँटेना आखूड लहरींसाठी होते. खरं तर डिजिटल अँटेना असा काही प्रकारच नसतो. लहरीवर चित्र कोणत्या पद्धतीनं बसवलंय हे धातूच्या दांड्याला कळत नाही, त्याला फक्त तरंगलांबी कळते. हे नाव दुकानदारांनी रूढ केलं, आणि त्यानं बराच घोळ झाला असं आम्हाला वाटतं.

आपल्याकडे मुंबई दूरदर्शन १९७२ साली अशाच कमी वारंवारतेवर सुरू झालं, म्हणून छपरांवरचे ते आडवे दांडे इतके लांब असत. (ती रचना जपानमधल्या सेंदाई इथे १९२०च्या दशकात शिंतारो उदा यांनी प्रयोगांतून उभी केली. नाव मात्र त्यांचे वरिष्ठ यागी यांचंच जास्त झालं.)

सहाव्या वाहिनीची आणखी एक अडचण होती. तिच्या शेजारीच, ८८ मेगाहर्ट्झपासून, एफएम रेडिओ सुरू होतो. चित्र येत नाही म्हणून अँटेनाला अॅम्प्लिफायर जोडला, तर तो जवळच्या एफएम केंद्राचा जोरदार संकेतही वाढवतो, स्वतःच गुदमरतो आणि होतं तेही चित्र जातं. शिवाय मिक्सर, पंपाची मोटर यांच्या ठिणग्यांचा गोंगाटही कमी वारंवारतेवर जास्त. अॅनालॉगमध्ये त्याच्या रेघा दिसत, कारण लगेच उमगे. डिजिटलमध्ये नुसतं चित्र अडकतं.

केंद्राला पुढे प्रक्षेपणाची शक्ती वाढवायची परवानगी मिळाली. तरी घरोघरचा उपाय बहुधा जुनाच होता: अॅम्प्लिफायर काढून पाहायचा, आणि संचावरच्या जुन्या अँटेनाचे दोन्ही दांडे पुरते बाहेर ओढायचे.