औट्रॅमच्या नावावरचे पिस्तूल

“भाऊ, हे औट्रॅम साहेबाचं. त्यानं आमच्या खापरपणजोबांना बक्षीस दिलं,” धरणगावच्या बाजूला एका घरी आजींनी फडके सोडता सोडता सांगितले.

खानदेशात औट्रॅमचे नाव निघाले की गोष्ट लगेच खरी वाटते. १८२५ मध्ये जेम्स औट्रॅमने भिल्ल पलटण उभारली, ती धरणगावलाच. त्यामुळे मीही उत्सुकतेने पाहू लागलो.

फडक्यात टोपीचे रिव्हॉल्व्हर होते. चक्राला पाच घरे. प्रत्येक घरात पुढून दारू आणि गोळी ठासायची, मागे तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आदळला की बार उडतो. नळी आणि चौकट एकाच तुकड्यातली. ही लंडनच्या रॉबर्ट अ‍ॅडम्सच्या १८५१ च्या रचनेची खूण. अ‍ॅडम्सच्या पहिल्या नमुन्यात घोडा अंगठ्याने ओढता येत नसे, फक्त चाप दाबूनच चाले. या शस्त्राच्या घोड्याला मात्र अंगठ्यासाठी शेपटी होती. ती सुधारणा ब्युमाँट या लष्करी अधिकाऱ्याची, पेटंट १८५६ चे.

औट्रॅमने खानदेश सोडला १८३५ मध्ये. कोल्टचे अमेरिकेतले पेटंटसुद्धा १८३६ चे. म्हणजे खानदेशातल्या मुक्कामात औट्रॅमने हे शस्त्र देणे अशक्यच.

मी हे सांगितल्यावर नातू म्हणाला, “मग हे काजारसिंग नाईकाचं असणार! १८५७ नंतरचंच ना?” एक दंतकथा गेली, तिच्या जागी दुसरी यायला निघाली. सातपुड्यातल्या भिल्लांचा लढा, एप्रिल १८५८ ची अंबापाणीची लढाई, हा खरा इतिहास आहे. पण काळ जुळला म्हणून वस्तू त्याची होत नाही.

पेटीच्या तळाशी इंग्रजी अमदानीतला शस्त्र परवाना सापडला. १८७८ च्या कायद्यानंतर असे परवाने घरोघर जपले गेले. त्यात ‘रिव्हॉल्व्हर’ एवढेच लिहिलेले, क्रमांक नाही. म्हणून माझा निष्कर्षही तेवढाच: परवाना या घराचा, शस्त्र १८५६ नंतरचे. मधला दुवा कोरा.

हा कोरेपणा बाजाराला खुपतो. साहेबाचे नाव चिकटले की किंमत चढते. मग कोणी घासूनपुसून चकाकी आणतो आणि त्या घासण्यात क्रमांक व चाचणीचे ठसे, म्हणजे शस्त्राची खरी साक्ष, पुसली जाते. नातवाच्या हातातला पॉलिश पेपर मी काढून घेतला.

घरात असे काही असेल तर ते साफ करू नका. ठशांचे फोटो काढा, कागद जपा. वस्तू कोणाकडून आली, हे कोणी सांगितले तेही लिहून ठेवा. आणि परवान्याची चौकशी करा. १९५९ च्या कायद्यात सूट आहे, पण नुसते जुने असून भागत नाही. दुरुस्त करूनही चालणार नाही, असे शस्त्र असावे लागते. शंभर वर्षांवरची वस्तू देशाबाहेर पाठवण्यावर १९७२ च्या पुरावशेष कायद्याचे बंधन आहे.

निघताना आजी म्हणाल्या, “म्हणजे साहेबाचं नाही तर!” मी वहीत लिहिले: ‘औट्रॅमचे, असे आजींचे म्हणणे.’ तेही खोडायचे नसते. त्यापुढे फक्त पुरावा कुठे थांबतो ते लिहायचे असते.