गुण, अंक आणि पात्र : शब्दाधारित द्वंद्वखेळांतील गुणविशेषांच्या रचनेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :

मराठी भाषेत 'गुण' या शब्दाचे दोन अर्थ प्रचलित आहेत. माणसाच्या अंगी असलेला विशेष हा एक आणि उत्तरपत्रिकेवर मिळणारा अंक हा दुसरा. व्यवहारात हे दोन अर्थ आपण संदर्भावरून वेगळे ओळखतो. परंतु विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिका व युरोपात उदयास आलेल्या भूमिकाप्रधान खेळांत ते पूर्णपणे एकरूप झालेले दिसतात. या खेळांत पात्राचे बळ, बुद्धी, चपळता व प्रकृती हे सर्व अंकांनी व्यक्त केले जाते आणि त्या अंकांवर लढाईचा निकाल ठरतो.

शब्दाधारित संगणकीय खेळांत या अंकांचे महत्त्व अधिकच वाढते. तेथे पडद्यावर चित्र नसते. योद्धा उंच आहे की ठेंगणा, सशक्त आहे की दुबळा, हे डोळ्यांना दिसत नाही. खेळाडू आज्ञा टंकलिखित करतो आणि संगणक वाक्यांच्या रूपाने उत्तर देतो. त्यामुळे पात्राचे शरीर म्हणजेच त्याचे गुणविशेष, असे म्हणावे लागते. माणसाचे मोजमाप कोणी, कशाच्या आधारे आणि कोणत्या गृहीतांवर करावे, या व्यापक प्रश्नाच्या दृष्टीनेही हा इतिहास उद्बोधक आहे.

उद्दिष्टे :

१. द्वंद्वखेळांतील गुणविशेषांच्या कल्पनेचा उगम व विकास तपासणे.
२. शब्दाधारित खेळांत गुणविशेष प्रत्यक्ष कसे कार्य करतात याचे विश्लेषण करणे.
३. या रचनेमागील सामाजिक गृहीतांचा शोध घेणे.

अभ्यासपद्धती :

प्रस्तुत लेखासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. खेळांचे नियम व संगणकीय आज्ञावलींची रचना हा विवेचनाचा मुख्य आधार असून लेखातील संभाव्यतेची गणिते नियमांवरून नव्याने मांडली आहेत.

पूर्वपीठिका : पटावरील सैन्य

चतुरंगाच्या पटावर हत्ती, घोडा, रथ व पायदळ यांना चाल आहे, पण बळ नाही. प्यादे योग्य घरात पोहोचले तर ते हत्तीलाही मारते. त्यात शंकेला जागा नाही आणि अर्धवट जखमी होण्याचीही सोय नाही. बुद्धिबळाच्या या तत्त्वाचा विस्तार करून ब्रन्सविक येथील योहान हेलविग याने १७८० मध्ये युद्धखेळ सिद्ध केला. पुढे प्रशियात थोरल्या राइसविट्झ याने १८१२ मध्ये राजासमोर आपला युद्धखेळ मांडला आणि त्याच्या मुलाने १८२४ मध्ये त्याचे सुधारित नियम प्रसिद्ध केले. या नियमांत फासे होते, हानीचे तक्ते होते आणि निवाडा करणारा पंच होता. तुकडीची हानी अंशाअंशाने मोजली जाई. म्हणजे तुकडी एका फटक्यात नाहीशी न होता तिचे सामर्थ्य हळूहळू घटत असे. पुढील काळातील 'प्राणांक' या कल्पनेचे बीज येथे आढळते.

सैन्याकडून व्यक्तीकडे :

युद्धखेळातील सैन्याची जागा व्यक्तीने घेतली ती अमेरिकेच्या मिनेसोटा व विस्कॉन्सिन या राज्यांत. १९६९ मध्ये डेव्हिड वेस्ली याने 'ब्राऊनश्टाइन' या खेळात प्रत्येक खेळाडूला स्वतंत्र व्यक्तीची भूमिका दिली. त्या मंडळातील डेव्ह आर्नेसन याने पुढे 'ब्लॅकमूर' हे काल्पनिक जग उभे केले. गॅरी गायगॅक्स व जेफ पेरेन यांचे 'चेनमेल' हे नियम १९७१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत सामान्य सैनिक एका आघातात मरत असे आणि वीराला मारण्यासाठी चार आघात लागत. परंतु खेळाडू ज्या पात्राशी समरस झाला आहे, ते एका फाशाने मरावे हे त्याला रुचणारे नव्हते. म्हणून आर्नेसनने जहाजांच्या युद्धखेळात जहाजाची हानी मोजण्याची जी रीत होती, ती माणसाला लावली. जहाजाप्रमाणेच माणूसही थोडाथोडा खचत जाऊन अखेर कोसळतो, ही कल्पना अशा रीतीने रूढ झाली.

गायगॅक्स व आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बळ, बुद्धी, शहाणपण, प्रकृती, चपळता आणि प्रभाव असे सहा गुणविशेष होते. प्रत्येकासाठी सहा बाजूंचे तीन फासे टाकून ३ ते १८ असा अंक मिळे. येथे एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. या मूळ नियमांत बळाचा प्रहारावर कोणताही परिणाम होत नसे. बळ अधिक असलेल्या योद्ध्याला केवळ अनुभवाचे गुण अधिक मिळत. बळामुळे वार अचूक बसतो व हानी अधिक होते, ही तरतूद १९७५ च्या 'ग्रेहॉक' या पुरवणीने केली. म्हणजे प्रथम गुणाला अंक मिळाला आणि त्या अंकाला अर्थ नंतर मिळाला.

फाशांचे गणित :

तीन फाशांच्या एकूण २१६ शक्यता असतात. त्यांपैकी १८ हा अंक केवळ एकदा येतो, तर १० व ११ हे अंक प्रत्येकी २७ वेळा येतात. १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक' या सुधारित नियमग्रंथात ८ ते १५ या टप्प्यातील बळाचा प्रहाराच्या अचूकतेवर वा हानीवर काहीही परिणाम होत नाही. तीन फाशांनी या टप्प्यातील अंक येण्याच्या शक्यता १७१, म्हणजे सुमारे ७९ टक्के आहेत. याचा अर्थ असा की, दर पाच पात्रांपैकी चार पात्रे लढाईत बळाच्या दृष्टीने समान ठरतात, मग त्यांच्या नावापुढील अंक काहीही असो. फरक पडतो तो टोकांना. १६ वा त्याहून अधिक अंक मिळण्याची शक्यता जेमतेम ४.६ टक्के आहे. १९७९ च्या 'डंजन मास्टर्स गाइड' मध्ये चार फासे टाकून सर्वांत लहान अंक वगळण्याची पद्धत सुचवण्यात आली. तीमुळे हीच शक्यता १३ टक्क्यांपर्यंत वाढते. खेळाडूंना सामान्य माणूस नको होता, वीर हवा होता. नियमकर्त्यांनी ती इच्छा फाशांच्या संख्येतच सामावून घेतली.

संगणकावरील शब्दयुद्ध :

हे अंक संगणकावर आले तेव्हा त्यांचे स्वरूप बदलले. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत १९७७ पासून घडत गेलेल्या 'झॉर्क' या शब्दखेळात खेळाडूला बळाचा अंक कोठेच दाखवला जात नाही. तरीही आज्ञावलीत तो असतो. २ या किमान अंकापासून ७ या कमाल अंकापर्यंतचे हे लढाऊ सामर्थ्य खेळाडूने मिळवलेल्या एकूण गुणसंख्येवरून काढले जाते. त्यामुळे आरंभीच चोराशी झुंजणारा खेळाडू बहुधा हरतो आणि खजिना जमवून परतलेला खेळाडू त्याच चोराला भारी पडतो. खेळाडूला हा अनुभव वाटतो. प्रत्यक्षात तो एक भागाकार असतो.

इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने १९७८ मध्ये 'मड' हा अनेक खेळाडूंनी एकाच वेळी खेळण्याचा शब्दखेळ सुरू केला व १९८० मध्ये रिचर्ड बार्टल याने त्याची धुरा घेतली. त्यात बळ, चपळता व दम हे तीनच गुणविशेष लढाईस पुरेसे ठरले. लढाईत मेलेले पात्र कायमचे नष्ट होई. त्यामुळे अंकांमागे खेळाडूने घातलेला वेळ पणाला लागलेला असे.

या परंपरेला सर्वाधिक प्रसार मिळवून दिला तो कोपनहेगन विद्यापीठाच्या संगणकशास्त्र विभागातील विद्यार्थ्यांनी १९९० मध्ये आरंभलेल्या 'डिकूमड' या आज्ञावलीने. तिच्यावर आधारित 'सर्कलमड' ही जेरेमी एल्सन यांची आज्ञावली १९९३ मध्ये खुली झाली. तिच्या आधारे गुणविशेषांचे कार्य नेमके पाहता येते. संगणक वीस बाजूंचा फासा टाकतो आणि प्रतिस्पर्ध्याच्या कवचानुसार ठरलेली मर्यादा ओलांडली गेल्यास वार बसतो. समजा, मध्यम बळाच्या नवख्या योद्ध्याला वार बसण्यासाठी १५ वा अधिक अंक हवा आहे. त्याची शक्यता ३० टक्के. शस्त्राची हानी १ ते ८, म्हणजे सरासरी ४.५. तेव्हा प्रत्येक फेरीची सरासरी हानी १.३५ होते. आता बळ १८ असेल तर अचूकतेत १ व हानीत २ यांची भर पडते. शक्यता ३५ टक्के व सरासरी हानी २.२७५ होते. केवळ योद्ध्यांना मिळू शकणाऱ्या सर्वोच्च बळासाठी ही भर अनुक्रमे ३ व ६ अशी आहे. तेव्हा शक्यता ४५ टक्के आणि सरासरी हानी ४.७२५, म्हणजे साडेतीनपट होते. वीस प्राणांकांचा शत्रू पहिल्या योद्ध्याला सुमारे पंधरा फेऱ्या झुंजवतो, तर तिसऱ्यासमोर चार-पाच फेऱ्यांत पडतो.

खेळाडूला मात्र यातील कोणतेच गणित दिसत नाही. त्याला वाक्य दिसते. हानी १ वा २ असेल तर शत्रूला गुदगुल्या केल्याचे संगणक कळवतो. ५ वा ६ असेल तर वार बसल्याचे साधे वाक्य येते. त्यापुढे क्रियाविशेषणे चढत जातात आणि हानी २३ च्या पुढे गेली की शत्रूचा समूळ नाश केल्याची भाषा येते. अशा रीतीने अंकांच्या श्रेणीला शब्दांची श्रेणी जोडलेली असते. सरावलेला खेळाडू शब्दावरून अंक ओळखतो आणि अंकावरून प्रतिस्पर्ध्याचे गुणविशेष ताडतो. शब्दाधारित खेळाचे खरे कौशल्य या वाचनात आहे.

दैव की पुरुषार्थ :

फाशांनी ठरणारे गुणविशेष म्हणजे पात्राचे प्राक्तनच होय. या दैवाधीनतेला पर्याय लवकरच पुढे आला. स्टीव्ह जॅक्सन याच्या 'मेली' (१९७७) या द्वंद्वखेळात बळ व चपळता हे दोनच गुणविशेष असून प्रत्येकी किमान ८ व एकूण २४ अंक खेळाडूने स्वतः वाटून घ्यायचे असतात. तीन फाशांची बेरीज चपळतेइतकी वा कमी आली की वार बसतो. चपळता १४ असल्यास ही शक्यता ९०.७ टक्के व १० असल्यास ५० टक्के असते. परंतु बळ कमी असेल तर जड शस्त्र पेलत नाही आणि घावही थोडेच सोसता येतात. म्हणजे एक गुण वाढवायचा तर दुसरा सोडावा लागतो. १९८६ च्या 'गर्प्स' या नियमसंचाने हे तत्त्व सर्वदूर नेले. एरिक वुजिक याच्या १९९१ मधील 'अँबर' या खेळात तर फासेच नाहीत. तेथे खेळाडू १०० अंकांच्या भांडवलावर गुणविशेषांचा लिलाव करतात आणि अंकापेक्षा क्रम महत्त्वाचा ठरतो. समानतेचे तत्त्व येथे जन्मावरून निवडीवर आले.

मोजपट्टीतील पूर्वग्रह :

गुणविशेषांचे तक्ते गणिती भासले तरी ते तटस्थ नव्हते. १९७८ च्या उपरोक्त नियमग्रंथात मानवी स्त्री-पात्राच्या बळावर पुरुष-पात्रापेक्षा कमी कमाल मर्यादा घातलेली होती. ज्या जगात अग्नी ओकणारे ड्रॅगन मान्य होते, तेथे अतिबलवान स्त्री अमान्य होती. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत ही मर्यादा वगळण्यात आली. पात्राच्या वंशावरून गुणविशेषांत वाढ वा घट करण्याची प्रथा मात्र दीर्घकाळ टिकली. २०२० मधील एका पुरवणीने ती शिथिल केली आणि २०२४ च्या नियमग्रंथात 'वंश' हा शब्द मागे पडून गुणविशेषांतील वाढ पात्राच्या पूर्वायुष्याशी, म्हणजे त्याच्या व्यवसाय व संस्कारांशी जोडण्यात आली. तक्त्यातील एक रकाना बदलण्यास लागलेली ही वर्षे पाहता, अंकांच्या रूपात आलेला पूर्वग्रह किती चिवट असतो हे ध्यानात येते. शब्दांतील पूर्वग्रहाला वाचक हटकतो. अंकांतील पूर्वग्रहाला तो नियम समजतो.

निष्कर्ष :

१. गुणविशेषांची कल्पना सैन्याच्या व जहाजांच्या हानीमापनातून व्यक्तीकडे आली. ती मूलतः माणसासाठी घडलेली नव्हती.
२. अंक असणे आणि अंकाचा परिणाम असणे या भिन्न गोष्टी आहेत. मधल्या टप्प्यातील बहुसंख्य अंक लढाईत निष्प्रभ ठरतात.
३. शब्दाधारित खेळांत गुणविशेष वाक्यांच्या आड कार्य करतात व खेळाडू भाषेवरून त्यांचे अनुमान करतो.
४. फाशांकडून वाटपाकडे झालेला प्रवास हा दैवाकडून निवडीकडे झालेला प्रवास आहे.
५. कोणता गुण मोजावा आणि कोणाला किती मर्यादा घालावी, हे निर्णय गणिताचे नसून ते करणाऱ्यांच्या समाजदृष्टीचे असतात.

समारोप :

हा विषय वरवर करमणुकीचा वाटला तरी अध्यापकवर्गाला तो परका नाही. विद्यार्थ्याच्या वर्षभराच्या धडपडीला आपण अंक देतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांनी शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाच्या रूपाने आपल्या अध्यापन-संशोधनालाही अंक दिले आणि त्या तक्त्याची रचना कशी असावी यावर पुढे अनेक दुरुस्त्या झाल्या. खेळातील तक्ता चुकला तर काल्पनिक योद्धा हरतो. आपला तक्ता चुकला तर एखादा विद्यार्थी मागे पडतो. म्हणून उत्तरपत्रिकेवर गुण लिहिताना, त्या विद्यार्थ्याचे कोणते गुण आपल्या मोजपट्टीत बसलेले नाहीत, याचाही विचार होणे अगत्याचे आहे.