सूक्ष्मदर्शकाची रात्रपाळी

कांद्याच्या मुळाच्या टोकाची काचपट्टी वर्गात दाखवताना विभाजन होत असलेली पेशी शोधण्यातच आपला निम्मा तास जातो. तरी ती पेशी मेलेली असते, कुठे पळून जात नाही! जिवंत पेशीत मात्र शोधता शोधता ती अवस्थाच उलटून जाते. प्रयोगशाळेत वाढवलेली मानवी पेशी साधारण २४ तासांत एकदा विभागते आणि प्रत्यक्ष विभाजन तासाभरात आटोपते. म्हणजे कोणत्याही क्षणी पंचवीसेक पेशींत एखादीच सापडणार. ठरावीक अवस्थेतली तर त्याहून विरळा.

वाल्थर फ्लेमिंग यांनी सॅलॅमँडरच्या जिवंत पिल्लांतील पेशी चिकाटीने न्याहाळल्या आणि १८८२ च्या ग्रंथात या विभाजनाला 'मायटोसिस' हे नाव दिले. मग आज सगळ्याच पेशींचे सतत बारकाईने चित्रण का करू नये? कारण प्रखर प्रकाशाने पेशींना इजा होते आणि त्यांतील चमकणारी रंगद्रव्येही फिकी पडतात.

जर्मनीतील हायडेलबर्गच्या संशोधकांनी २०११ साली 'मायक्रोपायलट' ही आज्ञावली प्रसिद्ध केली. 'ही बघा पूर्वावस्था' असे आपण विद्यार्थ्याला दाखवतो, तसे नमुने आधी संगणकाला दाखवायचे. मग तो कमी वर्धनाखाली भराभर पेशी चाळतो, हवी ती दिसताच तिथे थांबून प्रयोग करतो आणि पुन्हा शोधाला लागतो. माणूस हजर नसताना चार रात्रींत त्याने विभाजनाच्या दोन ठरावीक अवस्थांतील २३२ पेशी टिपल्या. एवढ्या पेशी नुसत्या शोधायलाच अनुभवी माणसाला किमान महिना लागला असता.