यकृतशोथ-बी : आरएनए-हस्तक्षेप चिकित्सा

यकृतशोथ-बी : आरएनए-हस्तक्षेप चिकित्सा : यकृतशोथ-बी (हिपॅटायटिस बी) व्हायरसाच्या चिरकारी म्हणजे दीर्घकाल टिकणाऱ्या संसर्गात व्हायरसाचे संदेशक आरएनए (रिबोन्यूक्लिइक अम्ल) कोशिकेतच नष्ट करून त्याची प्रथिननिर्मिती रोखण्याच्या उपचारपद्धतीस ही संज्ञा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात सुमारे २५·४ कोटी लोकांना असा संसर्ग होता व त्यांपैकी सुमारे २·९८ कोटी भारतातील होते. यकृत सूत्रण रोग आणि यकृताचा कर्करोग हे त्याचे गंभीर परिणाम होत. प्रभावी लस १९८१ पासून उपलब्ध आहे. तथापि ती संसर्ग टाळते, झालेला संसर्ग घालवीत नाही. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या सुमारे ९० टक्के बालकांत तो कायमचा राहतो. अशा व्यक्तींना रोगमुक्त करता येईल काय, हा या चिकित्सेच्या इतिहासातील मूळ प्रश्न आहे.

या व्हायरसाचा पहिला मागोवा बी. एस. ब्लंबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांना १९६३ मध्ये ऑस्ट्रेलियातील एका आदिवासीच्या रक्तरसात मिळाला. तेथे आढळलेल्या अपरिचित प्रथिनास त्यांनी ‘ऑस्ट्रेलिया प्रतिजन’ असे नाव दिले. हेच व्हायरसाच्या बाह्य आवरणाचे प्रथिन, म्हणजे पृष्ठप्रतिजन होय, हे पुढे स्पष्ट झाले. ब्लंबर्ग यांना १९७६ चे नोबेल पारितोषिक डी. सी. गायडुसेक यांच्यासमवेत विभागून मिळाले. सुमारे ४२ नॅनोमीटर (१ नॅनोमीटर = मीटरचा अब्जांश) व्यासाचा संपूर्ण व्हायरसकण डी. एस. डेन यांनी लंडन येथे १९७० मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दाखविला.

व्हायरसाचा जीनसंच केवळ सुमारे ३,२०० न्यूक्लिओटाइड-जोड्यांचा, म्हणजे अत्यंत लहान आहे. तरीही तो चिवट आहे. कोशिकेच्या केंद्रकात त्याचे डीएनए बंद वर्तुळाच्या रूपात वर्षानुवर्षे टिकून राहते आणि त्यावरून आरएनए-उतारे निघत राहतात. यांपैकी एका उताऱ्यापासून उलट दिशेने नवे डीएनए बनते, हे जे. समर्स व डब्ल्यू. एस. मेसन यांनी १९८२ मध्ये बदकांतील सजातीय व्हायरसावर दाखवून दिले. लॅमिव्ह्युडीन (१९९८), एंटेकॅव्हिर (२००५) व टेनोफोव्हिर (२००८) ही औषधे नेमकी हीच पायरी अडवितात. त्यांच्यामुळे रक्तातील व्हायरस जवळजवळ नाहीसा होतो व रुग्णाचे आयुष्य वाढते. परंतु वर्तुळाकार डीएनए आणि त्यावरील उतारे शाबूत राहतात. त्यामुळे बहुतेकांना औषध अनेक वर्षे, पुष्कळदा जन्मभर घ्यावे लागते. पृष्ठप्रतिजनाचे रिकामे कण रक्तात व्हायरसकणांच्या हजारो पट संख्येने वाहत असतात व शरीराची प्रतिरक्षा यंत्रणा त्यांच्यापुढे निष्प्रभ होते, असे मानले जाते. हा प्रतिजन हटविल्यास ती पुन्हा जागृत होईल, ही नव्या चिकित्सेमागील अपेक्षा होती.

हे साधण्याचा मार्ग अनपेक्षित ठिकाणी सापडला. ए. झेड. फायर व सी. सी. मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूत्रकृमीत दुपेडी आरएनए घातल्यास त्याच्याशी जुळणाऱ्या जीनाचे कार्य बंद पडते, असे दाखविले. या शोधासाठी त्यांना २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. टी. टुशल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये २१ न्यूक्लिओटाइडांचे लहान तुकडे वापरून हीच क्रिया सस्तन प्राण्यांच्या कोशिकांतही घडवून आणली. कोशिकेतील एक प्रथिनसंकुल तुकड्याचा एक पेड धरून ठेवते आणि त्याच्याशी जुळणारा संदेशक आरएनए कापते. यकृतशोथ-बी व्हायरसाचे सर्व उतारे एकाच टोकाशी संपतात. तेव्हा त्या टोकाजवळचे एकच लक्ष्य निवडले, तर सर्व उतारे एकदम कापता येतील, हे आकर्षण मोठे होते. ए. पी. मॅकॅफ्री, एम. ए. के व इतरांनी २००३ मध्ये उंदरांवर पहिले यशस्वी प्रयोग केले. मात्र के यांच्याच प्रयोगशाळेने २००६ मध्ये धोक्याची सूचनाही दिली. हस्तक्षेपी आरएनए कोशिकेतच निर्माण करविणाऱ्या ४९ वाहकांपैकी ३६ वाहकांनी उंदरांच्या यकृतास इजा केली व २३ वाहक अखेर प्राणघातक ठरले. कोशिकेची स्वतःची लघू-आरएनए यंत्रणा या भाराखाली कोलमडली होती.

मानवावरील चाचण्यांत एआरसी-५२० या औषधाचा इतिहास विशेष बोधप्रद आहे. त्यातील दोन आरएनए-तुकडे यकृत कोशिकेच्या आत सोडण्यासाठी मधमाशीच्या विषातील मेलिटिनावर आधारित पेप्टाइड वापरले होते. अगोदर उपचार न झालेल्या व ‘ई’ प्रतिजन असलेल्या रुग्णांत पृष्ठप्रतिजन चांगला घटला. ‘ई’ प्रतिजन नसलेल्या रुग्णांत मात्र घट फारच अल्प झाली. याचे कारण चिंपँझींच्या यकृतांच्या तपासणीतून उलगडले व २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. अशा प्राण्यांत बहुतांश पृष्ठप्रतिजन वर्तुळाकार डीएनएपासून येत नव्हता. व्हायरसाचे जे तुकडे यजमानाच्या गुणसूत्रांत जाऊन बसले होते, त्यांपासून तो येत होता. गुणसूत्रात शिरताना व्हायरसाचे डीएनए ज्या भागाजवळ खंडित होते, त्याच भागाजवळ औषधाचे लक्ष्य होते. साहजिकच या उताऱ्यांत ते उरलेच नव्हते. सर्व उताऱ्यांना समान म्हणून निवडलेली जागाच अशा रीतीने उणी ठरली. लक्ष्य बदलताच अशा चिंपँझींतही प्रतिजन घटला. एआरसी-५२० स्वतः मात्र नोव्हेंबर २०१६ मध्येच मागे घेण्यात आले होते. वाहक पेप्टाइडाच्या मोठ्या मात्रेच्या चाचणीत माकडे दगावली होती. औषध म्हणून ते फसले. व्हायरसाविषयी त्याने जे शिकविले, ते कित्येक यशस्वी औषधांनीही शिकविलेले नाही.

पुढील पिढीत वाहक पेप्टाइड सोडून देण्यात आले. आरएनए-तुकड्यास एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसामीन ही शर्करा जोडली असता यकृत कोशिकेच्या पृष्ठावरील ग्राही त्यास आत ओढून घेतो व त्वचेखालील अंतःक्षेपण पुरेसे होते. या पद्धतीचे पहिले मान्यताप्राप्त औषध गिव्होसिरान (२०१९) हे असून ते पॉर्फिरिया या वेगळ्याच रोगावरील आहे. यकृतशोथ-बीवरील जेएनजे-३९८९ मध्ये गुणसूत्रस्थ उताऱ्यांतही टिकून राहणारे लक्ष्य समाविष्ट होते. त्याने प्रतिजन पुष्कळ घटविला. परंतु २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत सर्व उपचार थांबविल्यानंतर एकाही रुग्णात तो कायमचा नाहीसा झाला नाही. केवळ प्रतिजन कमी केल्याने प्रतिरक्षा जागी होते, या गृहीतकास हा मोठा धक्का होता.

झॅल्नेसिरान या औषधाच्या २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने हाच मुद्दा दुसऱ्या बाजूने पुढे आणला. नेहमीच्या औषधांच्या जोडीला ते दिले असता, उपचार संपल्यावर २४ आठवड्यांनी मात्रेनुसार केवळ ३ ते ७ टक्के रुग्णांत पृष्ठप्रतिजन आढळला नाही. त्यास पेगइंटरफेरॉनाची जोड दिली तेव्हा हे प्रमाण २३ टक्के झाले. इंटरफेरॉन हे या रोगावरील जुने, प्रतिरक्षा चेतविणारे व रुग्णास त्रासदायक होणारे औषध आहे. लाभ झालेल्या रुग्णांत प्रतिजनाची पातळी मुळातच कमी होती. ज्यांच्या रक्तात प्रतिजन विपुल असतो, त्यांच्यासाठी हस्तक्षेपी आरएनएबरोबर कोणते प्रतिरक्षा-उद्दीपक द्यावे व कोणत्या क्रमाने, यावर संशोधन चालू आहे.