एकशेवीस तास आणि सात रात्री : सोलापुरातील विद्यार्थिनींच्या ‘रासेयो’ एककाचे एक वर्ष

दिवाळीची सुट्टी संपून महाविद्यालये पुन्हा गजबजू लागली, की सूचनाफलकावर एक कागद लागतो. राष्ट्रीय सेवा योजनेच्या विशेष श्रमसंस्कार शिबिरासाठी नावे द्यावीत आणि सोबत पालकांचे संमतीपत्र जोडावे, असा त्याचा मजकूर असतो. मुलांच्या दृष्टीने हे संमतीपत्र बहुधा औपचारिकता ठरते. मुलींच्या बाबतीत मात्र शिबिराच्या यशापयशाचा पहिला निकाल याच कागदावर लागतो. लेकीने सात दिवस श्रमदान करावे, याला घरात सहसा कोणाची हरकत नसते; तिने सात रात्री परगावी राहावे, याला असते. सोलापुरातील विद्यार्थिनींच्या सेवा योजना एककाचे सारे वर्ष या सात रात्रींच्या अलीकडे आणि पलीकडे विभागलेले असते.

योजनेची चौकट

महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली. तत्कालीन केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी ३७ विद्यापीठांत तिचा आरंभ केला. त्या वेळी सुमारे ४० हजार विद्यार्थी तिच्यात सहभागी झाले होते. ‘माझ्यासाठी नव्हे, तर तुमच्यासाठी’ या आशयाचे तिचे ब्रीदवाक्य आहे. कोणार्कच्या सूर्यमंदिरातील रथचक्र हे तिचे बोधचिन्ह असून, त्याचे आठ आरे दिवसाच्या आठ प्रहरांचे, म्हणजेच सेवेसाठी चोवीस तास सज्ज असण्याचे, प्रतीक मानले जातात.

सर्वसाधारणपणे शंभर विद्यार्थ्यांचे एक एकक असते आणि त्याची धुरा ‘कार्यक्रम अधिकारी’ म्हणून नेमलेल्या प्राध्यापकाकडे असते. स्वयंसेवकाने सलग दोन वर्षे दरवर्षी १२० तास, असे एकूण २४० तास काम करावे आणि या काळात सात दिवसांचे एक निवासी शिबिर पूर्ण करावे, असा नियम आहे. या १२० तासांपैकी २० तास ओळख व प्रशिक्षणासाठी, ३० तास महाविद्यालयाच्या आवारातील कामासाठी आणि ७० तास वस्तीतील किंवा गावातील कामासाठी असतात. शिबिराला एककातील निम्मे, म्हणजे पन्नास स्वयंसेवक जातात.

सोलापूर जिल्ह्यातील महाविद्यालये पूर्वी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न होती. १ ऑगस्ट २००४ रोजी केवळ एका जिल्ह्यापुरते कार्यक्षेत्र असलेले सोलापूर विद्यापीठ अस्तित्वात आले. २०१९ मध्ये त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव देण्यात आले. अ. र. बुर्ला महिला वरिष्ठ महाविद्यालयासारखी केवळ मुलींसाठीची महाविद्यालयेही याच विद्यापीठाच्या कक्षेत येतात.

भगिनीमंडळाहून वेगळे

अमेरिकेतील महाविद्यालयांत ‘सोरॉरिटी’ नावाची विद्यार्थिनींची मंडळे असतात. लॅटिन भाषेतील बहीण या अर्थाच्या शब्दावरून हे नाव आले. सिरॅक्यूज विद्यापीठात १८७४ मध्ये स्थापन झालेल्या ‘गॅमा फाय बीटा’ या मंडळासाठी १८८२ मध्ये ते प्रथम वापरले गेले. तेथे नव्या मुलींची निवड जुन्या सदस्या करतात, अनेक ठिकाणी मंडळाचे स्वतःचे निवासस्थान असते आणि सदस्यत्व जन्मभराचे मानले जाते. सोलापुरातील विद्यार्थिनींच्या एककात यांपैकी काहीच नाही. नाव नोंदवणारीला प्रवेश मिळतो, मुदत दोन वर्षांची असते आणि हक्काची जागा म्हणजे बहुतेकदा एक लहान खोली, तीत एक कपाट व कोपऱ्यात रचलेल्या टिकाव, फावडी नि घमेली. तरीही एकमेकींना सांभाळून घेण्याचा जो संस्कार तेथे घराच्या छपराखाली होतो, तो येथे एका आठवड्याच्या शिबिरात होतो. म्हणूनच त्या आठवड्याला महत्त्व आहे.

पालखी ते गणेशोत्सव

वर्षाचा आरंभ जून-जुलैत होतो. या काळात सोलापूर जिल्ह्याचे लक्ष पंढरपूरकडे लागलेले असते. संत ज्ञानेश्वर आणि संत तुकाराम महाराजांच्या पालख्या जिल्ह्याच्या पश्चिमेकडून येतात, तर शेगावच्या गजानन महाराजांची पालखी सोलापूर शहरातून पुढे जाते. नव्या मुलींची नोंदणी अजून व्हायची असते. त्यामुळे पालखीच्या वाटेवर पिण्याचे पाणी देणे, पत्रावळी आणि द्रोण उचलणे, स्वच्छतेबाबत सूचना देणे ही कामे दुसऱ्या वर्षाच्या स्वयंसेविकांकडे येतात. हे काम दिवसाचे आणि वारीचे असल्याने त्याला घरून सहसा नकार येत नाही. एखाद्या आईचा एककाशी पहिला परिचय वारीतच होतो.

जुलैत वृक्षारोपण आणि नव्या स्वयंसेविकांचे प्रशिक्षण, ऑगस्टमध्ये स्वातंत्र्यदिन आणि रक्तगटतपासणी, गणेशोत्सवात निर्माल्य संकलन, २४ सप्टेंबरला योजनेचा स्थापनादिन, असा पहिल्या सत्राचा क्रम असतो. रक्तगटतपासणीबरोबर हिमोग्लोबिन तपासण्याची प्रथा मुलींच्या एककात विशेष उपयोगी पडते. इतरांच्या आरोग्याविषयी फलक घेऊन फेरी काढणाऱ्या मुलीला स्वतःच्या रक्तातील लोहाची कमतरता पुष्कळदा तेथेच समजते.

तासांची नोंदवही याच काळात भरू लागते. वरकरणी १२० तास म्हणजे आठवड्याला दोन-तीन तास. परंतु सोलापुरात या तासांचा हिशेब वेगळा आहे. शहराच्या पूर्व भागात विडी वळण्याचे काम घरोघरी चालते आणि त्याची मजुरी हजार विड्यांमागे मोजली जाते. सकाळचे महाविद्यालय आटोपून घरी परतलेल्या मुलीचा हातभार अशा घराला लागतो. यंत्रमाग, शिवणकाम किंवा धुण्याभांड्यांवर चालणाऱ्या घरांतही तीच स्थिती असते. अशा घरातील मुलगी दुपारचे दोन तास सेवेसाठी देते, तेव्हा ते तास कोणाच्या तरी कष्टांतून वजा झालेले असतात. नोंदवहीत याचा रकाना नसतो.

संमतीपत्राचा महिना

ऑक्टोबरमध्ये गांधीजयंतीची स्वच्छता मोहीम आणि १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन झाला, की सत्रपरीक्षा व दिवाळीमुळे कामाला खंड पडतो. त्यानंतर शिबिराच्या गावाची निवड होते. शक्यतो दत्तक गावच निवडले जाते, कारण एकाच गावात दोन-तीन वर्षे सलग काम व्हावे, अशी अपेक्षा असते. मुलींच्या शिबिरासाठी गाव पाहताना काही गोष्टी आधी तपासाव्या लागतात. मुक्कामाच्या शाळेत किंवा समाजमंदिरात दाराला आतून कडी आहे का, स्वच्छतागृहे किती आहेत, पाणी कोठून आणायचे, रात्री दिवे असतात का, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र किती अंतरावर आहे, याची विचारपूस सरपंच, ग्रामसेवक आणि मुख्याध्यापकांकडे केली जाते.

दुसरी विचारपूस मुलींच्या घरी होते. सोबत कोण असणार, मुली कोठे झोपणार, फोन लागेल ना, हे प्रश्न ठरलेले असतात. महिला कार्यक्रम अधिकारी पालकांना भेटतात, शिबिराचे वेळापत्रक दाखवतात, रात्रीही आपण तेथेच मुक्कामाला असू, असे सांगतात. अनेकदा मागील वर्षी शिबिराला जाऊन आलेल्या मुलीची आईच नव्या मुलीच्या आईची समजूत घालते. तरीही काही संमतीपत्रे कोरी राहतात. त्या मुली दिवसा येऊन संध्याकाळी परतण्याची परवानगी मागतात. निवासी शिबिराच्या नियमात हे बसत नाही, आणि दोन वर्षांची सेवा करूनही शिबिराअभावी प्रमाणपत्र हुकण्याची वेळ त्यांच्यावर येते.

पैशांची ओढाताण निराळी. २०१० च्या दशकात लागू असलेल्या दरांनुसार नियमित उपक्रमांसाठी प्रत्येक स्वयंसेवकामागे वर्षाला २५० रुपये आणि शिबिरासाठी ४५० रुपये मिळत. पन्नास जणींच्या सात दिवसांच्या शिबिराला २२ हजार ५०० रुपये, म्हणजे दरडोई दिवसाला सुमारे ६४ रुपये पडत. त्यात प्रवास, दोन वेळचे जेवण, चहा-नाश्ता, मंडप आणि औषधे बसवायची. उरलेली तूट महाविद्यालय, देणगीदार आणि गावकऱ्यांच्या शिध्यातून भरून निघे.

सात रात्री

शिबिर बहुधा डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात होते. पहाटे साडेपाचच्या सुमारास उठणे, प्रार्थना व योगासने, नाश्ता, सकाळी तीन-चार तास श्रमदान, दुपारी बौद्धिक सत्र, संध्याकाळी घरोघरी भेटी, रात्री सांस्कृतिक कार्यक्रम आणि अखेर दिवसाची आढावा बैठक, असा दिनक्रम असतो. मुलींचे सात-आठ गट पाडून त्यांना सावित्री, जिजाऊ, अहिल्या, रमाई अशी नावे दिली जातात. स्वयंपाक, सफाई, पाणी, श्रमदान, व्यासपीठ अशी कामे रोज आळीपाळीने फिरतात.

पावसाच्या छायेतील या जिल्ह्यात श्रमदानाचा संबंध बहुतेक पाण्याशी असतो. ओढ्याला थोडे पाणी वाहते असताना सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून वनराई बंधारा घातला जातो. उतारावर समतल चर खणले जातात, सांडपाण्यासाठी शोषखड्डे तयार होतात. पहिल्या दिवशी टिकाव धरणाऱ्या हातांना फोड येतात. तिसऱ्या दिवशी घमेली देण्याघेण्याची साखळी न सांगता जुळते.

संध्याकाळच्या भेटींत मुलींच्या एककाला एक सोय असते. पुरुषांना जी घरे ओट्यापर्यंतच खुली असतात, तेथे या मुली चुलीपर्यंत पोहोचतात. पाळीच्या काळातील स्वच्छता, मुलीचे लग्नाचे वय, शाळा सुटलेली मुलगी, दारू हे विषय तेथे निघतात. कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढे ठेवून एखादी गृहिणी उलट विचारते, की तुला घरच्यांनी एवढे दिवस बाहेर कसे राहू दिले? गावातील शाळकरी मुली हे उत्तर कान देऊन ऐकतात.

आढावा बैठकीत कोणत्या गटाचे काम उशिरा झाले, भाजीत मीठ का विसरले, कोणी कोणाला टाकून बोलले, याची चर्चा होते. तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी बोलणाऱ्या घरांतील मुली एका सतरंजीवर झोपतात. तीन वर्षे एका वर्गात बसूनही एकमेकींचे नाव ठाऊक नसलेल्या मुली या आठवड्यात एकमेकींची आजारपणे आणि घरच्या अडचणी जाणतात.

जानेवारीचे सोलापूर

३ जानेवारीला सावित्रीबाई फुले जयंती साजरी होते. १२ जानेवारी हा स्वामी विवेकानंदांचा जन्मदिवस देशभर राष्ट्रीय युवक दिन म्हणून पाळला जातो. सोलापुरात त्याला आणखी एक अर्थ आहे. १९३० च्या मार्शल लॉच्या पर्वात अटक झालेल्या मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवडा कारागृहात फाशी देण्यात आली. या चौघांच्या पुतळ्यांना अभिवादन करून लगेच सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या बंदोबस्ताला मदत करायची, असा हा आठवडा असतो. मकरसंक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत लाखो भाविक येतात.

निवडक स्वयंसेविकांना विद्यापीठ आणि राज्य पातळीवरील शिबिरांची संधी मिळते. दिल्लीतील प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात योजनेचे स्वतंत्र पथक असते. ‘आव्हान’ या राज्यस्तरीय शिबिरात आपत्ती व्यवस्थापनाचे प्रशिक्षण दिले जाते. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या सोलापूर जिल्ह्यात सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने गावे वेढली गेली. त्यानंतर या प्रशिक्षणाची निकड वेगळी सांगावी लागत नाही.

हिशेब

फेब्रुवारी-मार्चमध्ये पावत्या, अहवाल, छायाचित्रे, हजेरीपट आणि लेखापरीक्षण यांत वर्ष संपते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार आखलेल्या पदवी अभ्यासक्रमांत सेवा योजना हा सहअभ्यासक्रमातील एक पर्याय झाला असून, तिच्यासाठी श्रेयांक मिळतात. त्यामुळे नोंदणीला चालना मिळते. त्याचबरोबर केवळ श्रेयांकांसाठी नाव देण्याचा धोकाही वाढतो.

या योजनेवरील जुना आक्षेप असा, की फेरी निघते, छायाचित्र छापून येते आणि पुढे काही होत नाही. तो सर्वस्वी खोटा नाही. पोत्यांचा बंधारा पुढच्या पुरात वाहून जातो आणि दोन वर्षांनी एककातील प्रत्येक चेहरा बदललेला असतो. मात्र मुलींच्या एककाचे मोजमाप करताना आणखी एक आकडा पाहायला हवा. या वर्षी पन्नासपैकी किती संमतीपत्रांवर सही मिळाली आणि मागील वर्षापेक्षा त्यात किती वाढ झाली, हा तो आकडा होय. शिबिराला जाऊन आलेल्या मुलीच्या धाकट्या बहिणीसाठी तीच सही मिळवताना घरात पूर्वीइतकी चर्चा होत नाही. गावातला बंधारा एक हंगाम पाणी अडवतो. घरात उघडलेली ही वाट मात्र सहसा पुन्हा बंद होत नाही.