सामायिक डीबग पिना (एसटीएम३२एफ१०३)
एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरमध्ये डीबगिंगच्या पिना साध्या इनपुट-आउटपुटसाठीही वापरता येतात. रीसेटनंतर पीए१३, पीए१४, पीए१५, पीबी३ व पीबी४ या पाचही डीबगरकडे असतात. दोन तारांच्या एसडब्ल्यूडी पद्धतीला पहिल्या दोनच पुरतात. उरलेल्या तीन खुशाल मोकळ्या कराव्यात. प्रोग्रॅमने पीए१३ व पीए१४ देखील घेतल्या, की डीबगरचा संपर्क तुटतो आणि चिप जळाल्याचा समज होतो. प्रत्यक्षात ती शाबूत असते. संपर्क परत मिळवण्यासाठी रीसेट दाबून धरून त्याच अवस्थेत डीबगर जोडावा. किंवा बूट० ही पिन उच्च व बूट१ ही पिन निम्न पातळीवर ठेवून अंगभूत बूटलोडर सुरू करावा आणि फ्लॅश पुसावी. म्हणून सर्किट आखतानाच पीए१३ व पीए१४ या दोन पिना राखून ठेवाव्यात आणि रीसेटची तारही प्रोग्रॅमिंगच्या कनेक्टरवर आणावी.